तराजूकाकांची गाडी गळते

तराजूकाकांच्या मोटारसायकलखाली तेलाचा एक डाग पडला. डाग तो केवढा, तर चहाच्या बशीएवढा, आणि बशीसारखा धड गोलही नाही. एवढ्याशा डागापायी एका शहाण्यासुरत्या माणसाने बैठकीच्या खोलीत इंजिनाचं कव्हर मांडून बसावं, एका सज्जन गृहस्थाच्या पांढऱ्याशुभ्र मोटारीला लाकडाचा भुसा फासला जावा आणि शेवटी सगळ्या इमारतीची सभा भरावी, हे कोणाला सांगून खरं वाटायचं नाही. पण घडलं हे असंच, आणि त्याला सुरुवात सेक्रेटरींनी केली.

सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. त्यांची सगळी नोकरी कुठल्याशा मोठ्या कचेरीत परिपत्रकं काढण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांच्या तोंडून साधं वाक्य म्हणून बाहेर पडत नसे. बायकोकडे मीठ मागतानाही ते 'सदर पदार्थात' अशी सुरुवात करतात, असं शेजारी सांगत. गेल्याच महिन्यात त्यांनी सगळ्यांच्या मागे लागून पार्किंगच्या फरशीला राखाडी चकचकीत रंग मारून घेतला होता, आणि रोज सकाळी हात मागे बांधून ते त्या रंगाची पाहणी करत. अशाच एका सकाळी त्यांना डाग दिसला. त्यांनी काकांना जिन्यातच गाठलं आणि सदर डाग आपल्या वाहनाखाली असल्याचं निदर्शनास आलं आहे, असं बजावलं.

काका म्हणाले, शक्य नाही.

आता काकांचं 'शक्य नाही' हे ऐऱ्यागैऱ्याचं 'शक्य नाही' नव्हतं. काका वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात त्यांची हयात गेली, म्हणून तर अख्खी इमारत त्यांना तराजूकाका म्हणायची. पारड्याच्या पोटाला चिकटवलेली मेणाची गोळी ते दुकानाची पायरी चढता चढता ओळखत. अशा माणसाची गाडी गळते आणि ते त्यालाच ठाऊक नाही, हा सरळसरळ अब्रूवर घाला होता. गाडी म्हातारी होती हे खरं. किलोमीटरचा काटा सगळे आकडे फिरून एकदा शून्यावर येऊन गेला होता आणि आता दुसऱ्यांदा वयात आला होता. पण काका दर रविवारी तिला स्वतःच्या हाताने पुसत. टाकी, दिवा, आरसे, चाकांच्या तारा, सगळं कसं लख्ख. हिने इतक्या वर्षांत थेंब सांडला नाही, असं ते कोणालाही छातीठोकपणे सांगत.

थेंब सांडायला लागला तो काकू गेल्यावर.

काकू गेल्या वर्षी अगदी थोड्या दिवसांच्या दुखण्याने गेल्या. माणसं आली, गेली. परगावची मुलगी महिनाभर राहून आपल्या घरी परतली. त्यानंतर एकदा काका गाडी काढायला खाली उतरले, तर गाडीखाली काळा ओला ठिपका. काका त्या ठिपक्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले. काकू सगळा जन्म या गाडीवर मागे बसून हिंडल्या होत्या, तेव्हा गाडीलाही कळलंच असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. निरीक्षकाला न शोभणारा विचार होता, पण रिकाम्या घरात एकटा माणूस काय काय विचार करतो ते कोणी तपासायला येत नाही. त्यांनी तो ठिपका कोणाला दाखवला नाही, फडक्याने पुसलाही नाही. उलट त्यांना त्याची सोबतच वाटायला लागली. सेक्रेटरींना जिन्यात 'शक्य नाही' म्हणाले ते इमारतीसमोर गाडीची लाज राखायला.

एकदा मुलीचा फोन आला असता ते बोलून गेले, "तुझी आई गेल्यापासून गाडी रडते गं."

पुढच्या फोनपर्यंत मुलीने सगळं ठरवून टाकलं होतं. बाबांनी गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि तिच्याकडे येऊन राहायचं. मागची खोली रिकामीच आहे. काकांनी ती खोली पाहिली होती. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, तीही पूर्ण नाही. जावई स्वभावाने फार चांगला, म्हणजे घडीघडीला येऊन 'बाबा, काही हवंय का' असं विचारणारा. काकांनी मुलीशी तह केला. गाडी चालतेय तोवर मी माझ्या घरात. ज्या दिवशी गाडी जाईल, त्या दिवशी मी बॅग भरतो. मुलीला वाटलं, असली गाडी कितीशी चालणार, म्हणून तिनेही हो म्हटलं.

आणि आता सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली. येत्या रविवारच्या सभेपर्यंत सदर वाहनाची गळती न थांबल्यास सदर वाहन पार्किंगमधून कायमचं हलवण्यात यावं. बाहेर रस्त्यावर गाडी लावायची तर सायकल उभी करायची मारामार. म्हणजे गाडी विकणं आलं, बॅग भरणं आलं आणि ती भिंत बघत बसणं आलं. डाग चहाच्या बशीएवढा, पण त्यात काकांचं सगळं घर बुडायला निघालं होतं.

तसं त्या घरात आता उरलं होतंच काय म्हणा. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्यांत घड्याळाचा आवाज. हे घड्याळ इतका आवाज करतं हे काकांना वर्षापूर्वी माहीतच नव्हतं. पूर्वी संध्याकाळी काका गाडी लावून वर येत, खुर्चीत बसून पेपर उघडत, आणि त्याच वेळी काकू कचऱ्याची बादली घेऊन खाली जात. कचरा टाकायला असा कितीसा वेळ लागतो? पण काकू चांगला अर्धा तास लावून वर यायच्या आणि चपला काढता काढता म्हणायच्या, "जरा बोलत उभी होते." काका पेपरमधून मान वर न करता विचारायचे, "इतकं काय असतं बोलायला?" रोजचं ठरलेलं. सकाळी दूध आणायला उतरल्या की तीच तऱ्हा. तळमजल्यावर एक बाई शिवणकाम करायच्या, त्यांची खिडकी थेट पार्किंगमध्ये उघडायची, आणि काकूंना धरून ठेवतात त्या याच, अशी काकांची पक्की खात्री होती. त्यामुळे शिवणबाईंपासून ते चार हात लांबच राहत.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. काकू गेल्यावर घर आवरताना चपलांच्या फडताळामागे बिस्किटांच्या डब्याचं मोठं गोल पत्र्याचं झाकण सापडलं होतं, काळंकुट्ट आणि तेलकट. भांडं विसळलं तरी उन्हात ठेवणारी बाई असली घाण घरात का ठेवते, म्हणून काका त्या वेळी मनातल्या मनात चिडलेही होते. मग त्यांनी ते सोडा लावून घासलं आणि गॅलरीतल्या काकूंच्या जास्वंदीच्या कुंडीखाली बशी म्हणून सरकवलं.

असो. तर गळती थांबवणं भाग होतं, आणि सल्ला द्यायला पहिल्या मजल्यावरचे प्राध्यापक हजर झाले. प्राध्यापक इतिहास शिकवायचे. त्यांनी आयुष्यात पाना हातात धरला नव्हता, पण कुठल्याही घटनेच्या मुळाशी गेलं पाहिजे असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या घरी संध्याकाळी पाहुण्यांचा गोतावळा असायचा, त्यामुळे ते खाली स्टूल घेऊन बसायला एका पायावर तयार होते. त्यांनी सांगितलं की इंजिन आधी स्वच्छ धुवायचं, कोरडं करायचं आणि त्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडायची. जिथून तेल येईल तिथे पावडर ओली होईल, की सापडलं मूळ. हा सल्ला नेमका बरोबर होता. तिथेच घात झाला, कारण त्यानंतर काका प्राध्यापकांचं सगळंच ऐकत गेले.

पावडर घरात एकच होती, आरशापुढची काकूंची. तो डबा वर्षभर कोणी हलवला नव्हता. काकांनी झाकण फिरवलं आणि न्हाणीघरातून काकू आत्ता बाहेर आल्यासारखा वास खोलीभर झाला. काका खाटेवर बसले. थोड्या वेळाने उठले आणि गाडीचं काम आहे, ती नाही म्हणाली नसती, असं स्वतःला समजावत डबा घेऊन खाली गेले. इंजिनावर पावडर पडली, पार्किंगभर तो वास पसरला, आणि शिवणबाईंच्या खिडकीतला मशीनचा आवाज एकदम थांबला. बाई खिडकीशी आल्या. काकांनी मान खाली घातली. बाईंनी "भाऊ, जरा एक सांगायचं होतं" म्हणून सुरुवात केली, पण काकांनी, आता सल्ले पुरे झाले बाई, असं म्हणून विषय तोडला. त्या वासाने पाठीमागे कोणी उभं आहे असं वाटून त्यांनी मात्र दोनतीनदा वळून बघितलं.

सकाळी पावडरीवर काळी रेघ उमटली होती, उजव्या बाजूच्या कव्हराच्या सांध्यातून. काका गाडी घेऊन कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेले. हा गॅरेजवाला कायम खांदा आणि कान यांच्यात फोन धरून असे, त्यामुळे तो फोनवर कोणाशी आणि आपल्याशी काय बोलतो याचा मेळ गिऱ्हाइकालाच घालावा लागे. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, पॅकिंग गेलंय, सांध्यात तेल अडवणारा कागद असतो ना, तो. मग बोटाने इंजिनाच्या पोटाखालचा काळा थर खरवडून दाखवला. हे आजचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. काकांचा पारा चढला. माझी गाडी वर्षभरापूर्वीपर्यंत थेंब सांडत नव्हती, असं त्यांनी ठणकावलं. गॅरेजवाला म्हणाला, बरं बाबा, नव्हती सांडत. हे काकांना होतं की फोनवरच्या माणसाला, ते काही कळलं नाही. काकांनी गाडीला किक मारली आणि तडक घरी आले. आपल्या गाडीची बदनामी करणाऱ्याच्या हातात गाडी द्यायची नाही, काम घरीच करायचं, असं ठरलं.

पॅकिंग आणायला ते सुट्या भागांच्या मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने इंजिन नंबर मागितला. नंबर कीटणाखाली दडलेला, तो घासायला काका घरी आले, नंबर उतरवून परत गेले. मग त्याने गाडीची कागदपत्रं मागितली. काका पुन्हा घरी आले, पुन्हा गेले. त्या माणसाने सगळं कॉम्प्युटरमध्ये घालून पाहिलं आणि सांगितलं की अशी गाडी नाही. काका म्हणाले, अहो, ती तुमच्या दारात उभी आहे. असेल, पण इथे नाही, तो म्हणाला, आणि त्याने पडदा काकांकडे वळवून दाखवला. खरंच नव्हती. ज्या गाडीवर संसार झाला तिचा जगात कुठे पत्ताच नाही, हे काकांनी पडद्यावर दोनदा वाचून बघितलं. मुख्य कचेरीला अर्ज करा, असा सल्ला त्यांना मिळाला. 'इथे नाही' आणि 'अर्ज करा', हीच दोन वाक्यं त्यांनी नोकरीत असताना असंख्य लोकांना ऐकवली होती, तेव्हा ती इतकी लागतात याची त्यांना कल्पना नव्हती.

मग प्राध्यापक म्हणाले की पॅकिंग म्हणजे शेवटी पुठ्ठाच. आपण कापू.

पार्किंगमध्ये दुरुस्ती करण्यास मनाई आहे, अशी दुसरी सूचना एव्हाना फळ्यावर लागली होती. तेव्हा कव्हर तेवढं खाली झटपट काढायचं आणि बाकीचं काम वर बैठकीत, असा बेत ठरला. दुपारी सेक्रेटरी झोपतात, ती वेळ साधली. काकांनी बोल्ट सोडवले, प्राध्यापकांनी ते मुठीत धरले, काकांनी कव्हर ओढलं. इंजिनातलं तेल आधी काढून घ्यायचं असतं ही गोष्ट दोघांपैकी एकालाही आठवली नाही. आतलं सगळं तेल काकांच्या पायांवरून निवांत वाहत राखाडी रंगावर पसरलं. ज्या जागी बशी होती तिथे परात झाली, आणि परातीची बघता बघता सतरंजी झाली.

प्राध्यापक धावत जाऊन सुताराकडून पोतंभर भुसा घेऊन आले. तेलावर भुसा टाकायचा, तो तेल पितो, हे त्यांचं म्हणणंही बरोबरच होतं. पण त्यांनी पोतं उपडं करायला आणि फाटकातून वाऱ्याची झुळूक यायला एक गाठ पडली. अर्धा भुसा तेलावर पडला आणि अर्धा शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या मोटारीवर. मोटार सेक्रेटरींची होती, सकाळीच धुतलेली, आणि अजून नीट वाळायची होती. काका तेलकट हातांनी तो भुसा झटकायला गेले. त्यानंतर मोटारीकडे बघवेना. खिडकीतून शिवणबाई हे सगळं बघत होत्या. त्यांनी पुन्हा एकदा "भाऊ, ऐका तर" म्हटलं, पण काका त्या वेळी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हते.

वर बैठकीत पेपर पसरून कव्हर मांडलं. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर कव्हर ठेवून पेन्सिलीने रेघ मारली, कात्रीने कापला. काकांना खूप दिवसांनी घरात बरं वाटत होतं. कोणीतरी समोर बसलंय, चहा दोघांचा होतोय, घड्याळाचा आवाज येत नाहीये. सोफ्यावर तेलाचा पंजा उमटला होता, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. सगळं पुन्हा बसवल्यावर प्राध्यापकांच्या मुठीत एक बोल्ट शिल्लक राहिला. कंपनी एखादा जास्तीचा देत असेल, असं प्राध्यापकांचं मत पडलं. गाडीची किक मात्र खाली असायची ती आकाशाकडे बोट दाखवत उभी होती.

शेवटी नाक मुठीत धरून दोघे गाडी ढकलत गॅरेजवाल्याकडे निघाले. पुढे काका, मागे प्राध्यापक, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण 'पेट्रोल संपलं वाटतं' असं विचारणारा. गॅरेजवाल्याने त्या किककडे पाहिलं आणि पहिल्यांदाच फोन कानावरून बाजूला घेतला. हसून झाल्यावर त्याने कव्हर उघडलं, शर्टाचा पुठ्ठा काढून काकांच्या हातात आदराने ठेवला, स्वतःकडच्या जाड कागदाचं पॅकिंग कापून, दोन्हीकडून चिकट लेप लावून बसवलं. आता हिच्यातून थेंब पडला तर नाव बदलीन, असं त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी खाली जाऊन पाहिलं. फरशी कोरडी. तिसऱ्या दिवशीही कोरडी. जिंकले होते काका. गाडी राहणार, घर राहणार, मागची खोली टळली. प्राध्यापकांना आता खाली बसण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते आपल्या पाहुण्यांत अडकले. काका संध्याकाळी एकटेच गाडीपाशी जाऊन उभे राहिले आणि त्या कोरड्या फरशीकडे बघत राहिले. वर्षभर या इमारतीत दोघं जणच काकूंसाठी रडत होती, त्यातली गाडी आता थांबली होती. आपणच ती थांबवली, हातात पाना घेऊन. वर जाऊन त्यांनी एकट्यापुरता भात लावला आणि तो निम्मा टाकून दिला.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. सेक्रेटरींनी सदर वाहन, सदर भुसा आणि सदर मोटार असे तीन विषय मांडले. काका उभे राहिले. भुशाबद्दल त्यांनी मनापासून माफी मागितली, मोटार स्वतःच्या हाताने धुऊन देतो म्हणाले, आणि गळतीचं म्हणाल तर ती बंद झाली आहे, सर्वांनी डोळ्यांनी पाहावं, असं सांगून गाडीकडे हात केला. सर्वांनी पाहिलं. नेमका त्याच वेळी गाडीच्या पोटाखाली एक थेंब जमला, जरा लोंबला आणि राखाडी रंगावर टपकला. या वेळी डाव्या बाजूने, गिअरच्या दांड्यापासून. पॅकिंग बिचारं जागच्या जागी होतं.

सेक्रेटरींना शब्द शोधावे लागले नाहीत. सदर थेंब सभेच्या निदर्शनास आल्याची नोंद व्हावी, ते म्हणाले, आणि वाहन हलवण्याचा ठराव वाचायला घेतला. पूर्वी या फरशीवर कधीही डाग नव्हता, तेव्हा हा केवळ निष्काळजीपणा आहे, असंही त्यांनी जोडलं. काकांना थेंब पाहून क्षणभर बरंच वाटलं होतं, पण ठरावाचे शब्द कानावर पडले तशी त्यांना ती भिंत दिसायला लागली. आणि मग वर्षभर या इमारतीत कोणाला न सांगितलेली गोष्ट ते सगळ्यांसमोर बोलून बसले.

"गाडी गळत नव्हती हो," काका म्हणाले. "ही गेल्यापासून गळते."

प्राध्यापक चष्मा पुसायला लागले. सेक्रेटरींचा ठराव हातातच राहिला. तेवढ्यात खिडकीतलं शिवणयंत्र थांबलं आणि शिवणबाई गजांशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, गाडी आधीपासूनच गळायची," त्या म्हणाल्या. "वहिनी खाली झाकण ठेवायच्या."

"कसलं झाकण?"

"बिस्किटाच्या डब्याचं. पत्र्याचं, मोठं. तुम्ही गाडी लावून वर गेलात की त्या कचऱ्याची बादली घेऊन उतरायच्या नि सरकवून ठेवायच्या. सकाळी दुधाला आल्या की काढायच्या, फडक्यात गुंडाळून वर न्यायच्या. इतकी वर्षं बघतेय मी. तेच सांगायला धडपडतेय, तर तुम्ही ऐकूनच घेत नाही."

काका दोन पावलं खिडकीकडे गेले. "मला का नाही सांगितलं तिने?"

"मी म्हटलं होतं त्यांना, सांगून टाका एकदा. तर म्हणाल्या, नको बाई. सांगितलं की हे सगळं इंजिन खोलून बैठकीत मांडून बसतील, सोफ्याची वाट लावतील, आणि गाडीवर डाग लागला म्हणून महिनाभर धड जेवणार नाहीत. त्यापेक्षा माझं झाकण बरं."

प्राध्यापक खिशातला तो शिल्लक राहिलेला बोल्ट चाचपत बसले. सेक्रेटरींनी घसा साफ केला, 'सदर' म्हणून तोंड उघडलं, आणि पुढचं काही सुचेना. हातातला ठराव त्यांनी घडी करून ठेवून दिला.

"झाकण ठेवा मग," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लहान वाक्य असावं. सभा संपली.

काका जिने चढून वर आले ते तडक गॅलरीत. जास्वंदीची कुंडी उचलली. खाली ते झाकण होतं, त्यांनीच सोडा लावून लख्ख घासलेलं. पारड्याच्या पोटाला लावलेलं मेण ओळखणारे निरीक्षक, दर रविवारी गाडी पुसली, टाकी पुसली, आरसे पुसले, पण वाकून कधी गाडीचं पोट बघितलं नाही. कारण वाकायची वेळच कोणी येऊ दिली नाही. काका झाकण छातीशी धरून तिथेच उभे राहिले आणि चांगले हुंदके देऊन रडले. गाडी कधी रडलीच नव्हती. (कुंडीला आता बशी उरली नाही, त्यामुळे तिचं पाणी खालच्या गॅलरीत सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायला लागलं, पण तो विषय पुढच्या सभेचा.)

संध्याकाळी काका झाकण घेऊन खाली उतरले. गाडीपाशी वाकताना गुडघ्यात कळ आली. काकूंचेही गुडघे दुखायचे, शेवटी शेवटी फारच. त्यांनी झाकण आत सरकवलं, थेंब कुठे पडतो ते बघून जरा डावीकडे घेतलं आणि उठले. झालं काम. काका चक्रावले. हे तर पाणी पिण्याइतक्या वेळात होतं. मग ही रोज अर्धा अर्धा तास खाली करत काय होती?

"बसलं नीट?" खिडकीतून शिवणबाईंनी विचारलं.

काका खिडकीशी गेले. बाईंनी गजांतून चहाचा कप पुढे केला आणि बोलायला सुरुवात केली. सेक्रेटरींच्या बायकोला मुळात मीठच चालत नाही, म्हणून त्यांना ते रोज मागावं लागतं, इथपासून ते वहिनी कुठल्या रंगाचं पोलकं शिवायला टाकून गेल्या इथपर्यंत. वहिनी तुमच्याबद्दल काय काय सांगायच्या, तेही निघालं. झोपेत तुम्ही दुकानदारांना दटावता म्हणे. काका हसले. काका म्हणाले, ती स्वतः झोपेत हसायची, ते नसेल सांगितलं. बाई म्हणाल्या, नाही हो, कधी? मग काकांनी ते सांगितलं, आणि त्यातून दुसरं निघालं. पार्किंगमधला दिवा लागला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की चहाचा कप कधीचा रिकामा होऊन आपल्या हातात आहे.

ते जिने चढून वर आले. कुलूप काढलं, दार ढकललं आणि अंधारात चपला काढता काढता म्हणाले, "जरा बोलत उभा होतो."

मग ते दारातच थांबले. आतून कोणी काही विचारलं नाही. घड्याळ चालू होतं. काकांनी दिवा लावला, पेपर घेऊन खुर्चीत बसले, आणि सकाळी आठवणीने झाकण काढायचं म्हणून एक जुनं फडकं दाराशी काढून ठेवलं.